आईसाहेबांचा पहिला घास

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सात वर्षे एक राणी राहत होती. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "खरी?" माझे काम विम्याचे दावे तपासण्याचे. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे, ऐकीव असेल तर तसे म्हणायचे, ही सवय अंगात मुरली आहे. म्हणून आधीच सांगतो की भिवदरी हे काही मोठे संस्थान नव्हते. करमाडच्या पुढे जालना रस्ता सोडून आत गेले की लागणाऱ्या काही गावांची ती निजामाच्या काळातली जहागीर. दारात हत्ती झुलायचा असे लोक सांगतात. तो पाहिलेला माणूस मला भेटला नाही. जहागीर गेली, गढी राहिली आणि रीत राहिली. गावचे लोक त्या घरातल्या पुरुषांना अजून सरकार म्हणत आणि थोरल्या सुनेला आईसाहेब.

त्या आईसाहेब, पती थोरले सरकार गेल्यावर, दोन ट्रंका आणि एक वेताची खुर्ची घेऊन उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीत राहायला आल्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याच्या वेळा सांगायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "तुम्ही इथले कारभारी का?"

"सेक्रेटरी."

"तेच ते."

तेव्हापासून मी कारभारी झालो. घरी येऊन सांगितलं तर नीता, माझी बायको, म्हणाली, "या घरात कारभार कोण बघतं ते एकदा त्यांना सांगून या."

वय साठीच्या आसपास, बांधा बारीक, आवाज कधी वाढत नसे. अंगावर फिक्या रंगाची कडक इस्त्रीची साडी, कानात मोत्यांच्या कुड्या, बाकी दागिना नाही. बोलताना स्वतःला 'आम्ही' म्हणत. फक्त राग आला की 'मी' म्हणत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सकाळी आंघोळ, पूजा उरकून त्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसायच्या. तो दरबार. दूधवाला, झाडू मारणारी शोभा, खालचे वॉचमन रहीमचाचा, प्रत्येकानं समोर येऊन दोन शब्द बोलून जायचं. कोणाच्या पोरीची परीक्षा, कोणाच्या सासूचा मोतीबिंदू, सगळं त्यांना पाठ. रहीमचाचा जिना चढताना मला डोळा मारून म्हणायचे, "साब, आज पेशी है मेरी. कल अम्मासाब को सलाम करना भूल गया था ना."

"मग काय शिक्षा?"

"शिक्षा क्या. चाय पिलाते और घूरते."

भिवदरीची बरीच माणसं आता शहरात आहेत. कोणी शेंद्र्याच्या कारखान्यात, कोणी औरंगपुऱ्यात दुकानावर. त्यांच्याकडे मूल झालं की आईसाहेब स्वतः शिवलेलं झबलं घेऊन जात. मयत झाली की जात, भिंतीशी टेकून न बोलता बसत, घोटभर पाणी पीत आणि निघत. गाडी माझी, चालवणारा मी. एकदा असंच परतताना त्यांनी सांगितलं, "राजघराण्यातल्या बाईला कामं थोडीच असतात, कारभारी. मयत चुकवायची नाही, लग्नाला लवकर जायचं नाही आणि कोणासमोर रडायचं नाही."

यातलं दुसरं काम काय असतं ते मला लवकरच पाहायला मिळालं.

करमाडजवळ एका मानकऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. आम्ही वेळेत पोचलो. मी गाडी मांडवापाशी नेणार, तेवढ्यात आईसाहेब म्हणाल्या, "थांबा. त्या लिंबाखाली लावा."

"आत नाही जायचं?"

"अजून ताटं वाढायचीत."

आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. मांडवातून श्लोकाचा आवाज आला, तशा त्या उतरल्या. "चला."

आत मानाच्या मंडळींची जमिनीवर पंगत बसली होती. मधोमध रांगोळीच्या महिरपीत भिवदरीच्या घरची ओळ. तिथे प्रतापराव बसले होते, थोरल्या सरकारांचे धाकटे भाऊ, आता गादीवर असलेले. वजनदार माणूस, डोक्यावर गुलाबी फेटा. गढीच्या आवारात त्यांनी लग्नांसाठी लॉन केलं होतं, आणि शहरात कुठे दुकानाचं उद्घाटन असलं की ते फेटा बांधून जात. त्यांनी भाताला हात लावला होता, घास अजून उचलला नव्हता. आईसाहेबांना पाहिलं आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

मग ते उठले. गुडघे वाईट होते, एक हात जमिनीला, एक मुलाच्या खांद्याला, असे उठले. तीनदा वाकून मुजरा केला. वयानं ते आईसाहेबांपेक्षा चांगले मोठे. पण त्या थोरल्या भावाची बायको, म्हणून घरात थोरल्या त्याच. आईसाहेब सावकाश चालत गेल्या, सावकाश बसल्या, मग प्रतापराव पुन्हा गुडघे मोडून बसले. आणि तिथून पुढे काहीच झालं नाही.

भिवदरीच्या घरची रीत अशी, की थोरल्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरच्या ओळीत कोणी घास घ्यायचा नाही, आणि थोरलं उठलं की ओळ उठली. आईसाहेबांनी ताटाकडे पाहिलं. वाढणाऱ्या पोराला विचारलं, "हे काय, भरीत का? वांगी कुठली?" मग पलीकडच्या पाटलीणबाईंच्या कंबरेची चौकशी केली. मग नवरदेवाच्या आत्याला माहेरच्या विहिरीचं पाणी विचारलं. प्रतापराव दोन्ही हात मांडीत घेऊन बसून होते. त्यांच्या भातावरचं तूप थिजलं.

"वहिनीसाहेब," शेवटी ते हसत म्हणाले, "घास घ्या. मंडळी खोळंबलीत."

"मंडळींनी खुशाल जेवावं. नियम घरच्या ओळीला आहे." त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "ओळ लई लहान झालीय, नाही का प्रतापराव? एक पाट कमी दिसतो."

प्रतापरावांचं हसू गेलं. गावात आता सांगतात की त्या दिवशी आईसाहेबांनी त्यांना तीन तास उपाशी बसवलं. हे खोटं आहे. मी समोर होतो. पाऊण तास असेल. पण थंड ताटापुढे शेकडो लोकांच्या नजरेत पाऊण तास बसणं म्हणजे काय, ते मी त्यांच्या मानेवरच्या घामावरून सांगू शकतो.

परतताना मी विचारलं, "कोणाचा पाट कमी आहे?"

आईसाहेब खिडकीबाहेर पाहत बोलल्या. आवाज पूजेचं सामान सांगावं तसा सपाट. त्यांना एकच मुलगी, मृणाल. लहानपणापासून ती घरच्या पंगतीत वडिलांच्या डाव्या हाताला बसायची. सीमोल्लंघनालाही थोरले सरकार तिला बरोबर घेऊन चालायचे. सरकारांच्या तेराव्याला मृणाल नेहमीच्या पाटावर जाऊन बसली. प्रतापराव आले. म्हणाले, "मुली परक्या घरच्या. पाहुण्यांच्या ओळीत बस." ती उठेना, तेव्हा त्यांनी दंड धरून तिला उठवलं, वाकून तिचा पाट उचलला आणि भिंतीला लावून ठेवला. मुलगी तशीच बाहेर जाऊन बसली.

"आणि तुम्ही?"

"मी जेवले." त्या 'मी' म्हणाल्या. "पूर्ण ताट जेवले. सरकार होते तोवर थोरले ते होते. मला त्या दिवशी कळलंच नाही की आता थोरली मी आहे. मी नुसती उठले असते तरी सगळी ओळ उपाशी उठली असती. पोरीचा पाट उचलला आणि मी कढी मागून घेतली, कारभारी."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, कोर्टात जा, मुलीचा हक्क आहे, वकील मी बघतो.

"कोर्टात जमीन मिळंल. पंगत मिळत नाही. त्यांनी पाट हातानं उचलला, हातानंच मांडायचा. सगळ्यांसमोर. मग माझं काही म्हणणं नाही."

एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते सगळ्या भिवदरीला ठाऊक होतं. प्रतापराव ते देत नव्हते, कारण पाट मांडला की मृणाल घरची ठरते, आणि घरची ठरली की उद्या गढीतही ठरते. पण त्यांना रीतही मोडता येत नव्हती. थोरल्यासाठी ते उठले नाहीत तर त्यांच्यासाठी गाव कशाला उठेल? त्यांचा फेटा, त्यांचं महाराजपण, सगळं त्याच रीतीवर उभं. आईसाहेबांनी नेमकं तेच धरलं होतं. भिवदरीतल्या कुठल्याही कार्याची एक पत्रिका गढीवर जाई आणि एक उस्मानपुऱ्यात येई, थोरलीला वगळायची कोणाची छाती नव्हती. त्या एकही कार्य सोडत नसत. लिंबाखाली, शाळेच्या भिंतीआड, कुठे गाडी लावायची तेही त्यांना माहीत असे. प्रतापराव घरून खाऊन येऊ लागले, तेव्हा त्यांनी पंगतीतच विचारलं, "प्रतापराव, भूक नाही? की यजमानांच्या घरचं चालत नाही?" यजमानाचा चेहरा पडला. त्यानंतर प्रतापरावांना उपाशी येणं भाग पडलं.

यात गंमत होती, हे मी नाकारत नाही. नीता तर प्रत्येक वेळी दारातच विचारायची, "आज तूप थिजलं का?" पण एका दिवशी गंमत संपली.

प्रतापरावांना साखरेचा त्रास होता. त्यांचा मुलगा विक्रम, साधा, गोड बोलणारा पोरगा, एकदा आईसाहेबांकडे आला. मी सोसायटीच्या कामासाठी तिथेच होतो. "काकीसाहेब, बाबांना डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलंय. घेतलं की लगेच जेवावं लागतं. नाहीतर साखर एकदम खाली जाते. चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडतो."

आईसाहेबांनी त्याला चहा दिला, चिवडा दिला, त्याच्या नोकरीची चौकशी केली. तो निघाला तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, बाळ."

पुढच्या वास्तुशांतीला मला वाटलं आज त्या वेळेवर जातील. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावायला सांगितली. मी म्हणालो, "आईसाहेब, इंजेक्शन."

"ऐकलंय आम्ही."

आत सगळं नेहमीसारखं झालं. मुजरा, बसणं, भरिताची चौकशी. मग प्रतापरावांच्या कपाळावर घाम दिसला. मांडीतले हात थरथरायला लागले. विक्रमनं पुढे होऊन पेढा धरला, "बाबा, तोंडात टाका आधी." प्रतापरावांनी त्याचा हात बाजूला केला. जीभ जड झालेली, तरी शब्द कळले. "वहिनीसाहेब बसल्यात."

मी पाहुण्यांच्या ओळीतून उठून उभा राहिलो. आईसाहेब त्यांच्याकडे बघत होत्या. घाई नव्हती, दुसरीकडे नजरही नव्हती. दूध उतू जाईल का ते बघत उभं राहावं तसं. मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"जेवा."

विक्रमनं बापाच्या तोंडात पेढा कोंबला. थोड्या वेळानं रंग परतला.

गाडीत बसल्यावर मी पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडलो. "माणूस गेला असता आज."

"गेला असता तर पाट कोणी मांडला असता?"

करमाडची वस्ती मागे पडली. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं मला दया आली."

"वाटलं."

"नाही आली. खोटं कशाला सांगू."

त्या दिवसानंतर मी दोन-तीन वेळा गाडी गॅरेजला असल्याचं सांगितलं. त्या रिक्षानं गेल्या.

त्यांची मुलगी मृणाल पुण्यात दातांची डॉक्टर. सुट्टीत यायची. आमच्या आणि त्यांच्या दारात चार फुटांचं अंतर, आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"आई, मला त्या पाटावर बसायचंच नाहीये. मला आता मांडी घालून बसताही येत नाही."

"शिकायचं."

"काकांना रोज जेवताना तू आठवतेस. आणखी काय पाहिजे तुला?"

"तुझ्या बापाच्या डाव्या हाताला कोण बसायचं ते लोक विसरायला लागलेत."

"विसरू दे ना! मीपण विसरायला लागलेय. तू विसरू देत नाहीस."

यावर आईसाहेब म्हणाल्या, "जेवून घे. गार होतंय." यातला विनोद दोघींपैकी कोणालाही कळला नाही.

मग प्रतापरावांनी तोड काढली. दसऱ्याला गढीवर सगळ्या गावाचं जेवण असतं. त्या वर्षी आम्ही ठरल्याप्रमाणे उशिरा पोचलो, तर आवारात पाट नव्हते, रांगोळी नव्हती. लांबच लांब टेबलं, पांढऱ्या झालरी, खाली निळी ज्योत पेटलेली स्टीलची भांडी. सगळं गाव ताटल्या हातात घेऊन उभ्यानं जेवत होतं. बुफे.

आईसाहेब फाटकात थांबल्या. त्या आल्या की लोक उठून उभे राहत. आज सगळे आधीच उभे होते, त्यामुळे कोणी उठलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रतापराव ताटली घेऊनच समोर आले. हातात ताटली, त्यामुळे मुजराही अर्धामुर्धा. "या वहिनीसाहेब. ताट घ्या. जमाना बदललाय आता. ज्याला भूक लागंल त्यानं जेवावं." आणि त्यांच्याकडे बघत त्यांनी एक अख्खा गुलाबजाम तोंडात टाकला. साखरेच्या माणसानं.

"छान केलंत," आईसाहेब म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या.

पुढे दीड वर्ष भिवदरीच्या मंडळींत सगळीकडे बुफे झाला. गढीनं केलं म्हटल्यावर मानकऱ्यांनीही केलं. पत्रिका येत राहिल्या, आईसाहेब जाईनाशा झाल्या. गॅलरीतला दरबार लवकर उठायला लागला. रहीमचाचा एकदा म्हणाले, "साब, आजकल अम्मासाब घूरते भी नहीं. मजा नहीं आता." नीता त्यांना दुपारी आमच्याकडे जेवायला बोलवायची. तेव्हा मी पाहिलं, आईसाहेब फार भराभर जेवत. भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा, मान खाली घालून, कामावर जायची घाई असलेल्या बाईसारख्या. पंगतीतलं ते संथ खाणं त्यांचं नव्हतंच. ते त्यांनी शिकून घेतलं होतं.

विक्रमचं लग्न ठरलं आणि फासा उलटा पडला. मुलगी खानदेशातल्या घराण्याची. ते संस्थान खरोखरचं, भिवदरीसारख्या दहा जहागिरी पोटात मावतील असं. साखरपुडा गढीवर करायचा होता. मुलीच्या आजीनं निरोप पाठवला की आमच्यात उभ्यानं जेवत नाहीत. आणि दुसरं असं की घरातल्या थोरल्या आईसाहेबांना भेटायची आमची फार इच्छा आहे.

त्या आठवड्यात आमची लिफ्ट बंद होती. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला होता, हे मी सेक्रेटरी म्हणून नमूद करतो. प्रतापराव तीन मजले चढून आले. जिन्यात धाप टाकत उभे राहिले आणि उघड्या दारातूनच तीन मुजरे केले. मी आमच्या दारात होतो. आईसाहेबांनी मला खुणेनं आत बोलावून बसवलं.

"वहिनीसाहेब, पाहुणे विचारतायत. थोरल्या येणार ना म्हणून."

"येऊ की. आम्हाला कुठं काम असतं? मृणालपण येईल. ती बसंल कुठं?"

प्रतापराव पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरच्या ओळीत."

"पाट?"

"नोकर मांडतील."

"तेराव्याला नोकर नव्हते का?"

मला त्या माणसाची कीव आली, ही गोष्ट मी तेव्हा चेहऱ्यावर दिसू दिली नाही. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आत डोकं पूर्ण पांढरं. "मी मांडीन," ते म्हणाले.

"कारभारी, ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हणालो.

ते गेल्यावर आईसाहेबांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत दरबार भरला. रहीमचाचांना चहाबरोबर शंकरपाळे मिळाले.

साखरपुड्यानंतर महिन्याभरात मृणाल त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि तिथेच त्या गेल्या. मला वेळेवर पोचता आलं नाही. त्यामुळे माझ्या नजरेत राहिलेल्या आईसाहेब त्या दिवशीच्याच आहेत.

त्या दिवशी आम्ही वेळेवर गेलो. कुठेही गाडी थांबवली नाही. गढीच्या चौकात पंगत मांडली होती, एका अंगाला घरची ओळ, समोर पाहुण्यांची. नीता आणि मी पाहुण्यांच्या ओळीत, आईसाहेबांच्या बरोबर समोर. घरच्या ओळीत आईसाहेबांच्या डाव्या बाजूला एक जागा मोकळी होती. मृणाल तिथे उभी, नेसलेल्या साडीत अवघडलेली.

प्रतापरावांनी भिंतीला टेकवलेला पाट उचलला. नोकर पुढे धावला, त्याला त्यांनी नजरेनं थांबवलं. एक गुडघा टेकला, पाट जमिनीवर ठेवला, तिरका झाला होता तो हातानं सरळ केला. मुलीची आजी कौतुकानं शेजारणीला म्हणाली, "किती छान रीत आहे यांच्यात. काका स्वतः पुतणीचा पाट मांडतात." भिवदरीच्या लोकांनी माना खाली घातल्या.

"बस, बाळ," प्रतापराव म्हणाले.

मृणाल बसली. मांडी जमली नाही, पाय एका बाजूला घेऊन बसली. सगळे बसले. ताटं वाढली, तूप वाढलं, श्लोक झाला. वाफा निघत होत्या. आता घरची ओळ आईसाहेबांकडे पाहत होती. प्रतापराव, विक्रम, त्याची होणारी बायको, मृणाल.

आईसाहेबांनी मृणालच्या पाटाकडे पाहिलं. मग प्रतापरावांकडे. त्यांचा हात ताटाकडे गेला. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं. हात ताटावर थोडा वेळ राहिला, कशालाही लागला नाही.

आणि त्या उठल्या.

"आमचं झालं," त्या म्हणाल्या.

थोरलं उठलं की ओळ उठली. विक्रम अर्धा उठला. नवी मुलगी गोंधळून त्याच्याकडे बघायला लागली. समोर आजीबाईंचा घास हातातच राहिला. प्रतापरावांनी डोळे मिटून घेतले.

"आई, बस," मृणाल म्हणाली.

आईसाहेब चालायला लागल्या होत्या.

मृणालनं भात कालवला आणि घास तोंडात घातला. त्या घरच्या ओळीत थोरलीच्या आधी घेतलेला तो घास सगळ्या चौकानं पाहिला. "विक्रम, बस खाली. जेव," ती म्हणाली. "तुझ्या नवरीला भूक लागली असंल. काका, तुम्ही इंजेक्शन घेतलंय ना? जेवा." मग ती मान खाली घालून जेवत राहिली, भराभर. विक्रम बसला. त्यानं घास घेतला. नव्या मुलीनं घेतला. समोर कोणीतरी मीठ मागितलं, वाढपी हलले, आणि पंगतीचा नेहमीचा आवाज सुरू झाला.

चौकाच्या कोपऱ्यात हात धुवायची दगडी मोरी आहे. आईसाहेब तिथे जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पुढे धरून. त्या घरात थोरल्याच्या हातावर पाणी घरच्याच माणसानं घालायचं असतं, त्या तिथे स्वतः नळ सोडत नसत. घरची माणसं जेवत होती. कोणी उठलं नाही. हात तसेच पुढे. नीता उठू लागली. मी तिचं मनगट धरलं, कारण आम्ही घरचे नव्हतो.

मग प्रतापरावांनी तळवा जमिनीला टेकला. त्यांच्या ताटातलं शीतसुद्धा हललेलं नव्हतं. मृणाल "काका" म्हणाली, त्यांनी ऐकलं नाही. ते उठले, मोरीपाशी गेले, तांब्या उचलला आणि वहिनींच्या हातावर पाणी घालायला लागले. हाताला काही लागलेलंच नव्हतं. स्वच्छ पाणी स्वच्छ हातांवरून दगडावर पडत राहिलं, तांब्या वाकत वाकत रिकामा झाला.

"अजून," आईसाहेब म्हणाल्या.